तोंडावर बोट

पोरांना गप्प बसवणं ही माझी हातोटी. त्यावरच मी पोट भरलं म्हणा ना. चौथीचा वर्ग, साठ पोरं, वर पत्रे तापलेले, शेजारी दुसरीचा वर्ग कलकलतोय, अशात मी दारात उभा राहून नुसतं "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की साठच्या साठ चिडीचूप. छडी उचलायची वेळ कधी आली नाही. हेडमास्तर बाकीच्या शिक्षकांना सांगायचे, "गुरुजींकडून शिका जरा." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवलं की क्षणभर बरंच वाटतं, आणि मग स्वतःची अशी चीड येते की विचारू नका.

कारण घरी माझी स्वतःची पोरगी बोलत नव्हती.

साडेतीन वर्षांची झाली होती. आई नाही, बाबा नाही, साधं "दे" नाही. पाणी हवं असलं की आईचा पदर धरून तिला माठाकडं ओढत न्यायची. पडली, लागलं, तर डोळ्यांतून घळाघळा पाणी, पण रडण्याला सूर नाही. बहिरी म्हणावी तर तसंही नाही. स्वयंपाकघरात गुळाच्या डब्याचं झाकण वाजलं की अंगणातून पळत यायची. हसरी होती, गोड होती. लोक म्हणायचे, "गुरुजींच्या पोरीला कशी शिस्त आहे बघा." अरे, कसली शिस्त आणि कसलं काय.

आम्ही तेव्हा राहुरीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. बहात्तरच्या दुष्काळाचे दिवस. शाळेत पोरांना सुकडी मिळायची, घरात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या भाकरीचा तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा, चव विचारायची नाही. पण आम्हाला दुष्काळाचं तेवढं दुःख नव्हतं जेवढं पोरीचं होतं. ज्यानं जे सांगितलं ते केलं. वेखंड मधात उगाळून जिभेला चाटवलं. कुणी म्हणालं, पोपटानं टोचलेला पेरू खायला घाला, वाचा फुटते. आता दुष्काळात पेरू कुठला आणि पोपट कुठला! तरी मी सायकल हाणत मुळा नदीच्या काठानं बागा हुडकत गेलो. सगळी झाडं वाळून कोळ झालेली. एका म्हाताऱ्या राखणदाराला माझी दया आली असावी. त्यानं एक सुकलेलं बोर हातावर ठेवलं. "पोपटाचं उष्टं हाय, गुरुजी," म्हणाला. ते पोपटानं टोचलं होतं की अळीनं, देव जाणे. मी रुमालात बांधून आणलं आणि पोरीला खाऊ घातलं.

शेवटी नगरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तिच्या पाठीमागं टाळ्या वाजवल्या, घंटी वाजवली, घसा बघितला. म्हणाले, "ऐकायला उत्तम येतं. गळ्यातही दोष दिसत नाही. पण उशीर होतोय, आणखी दोन वर्षं अशीच गेली तर अवघड होईल. एक करा. ती कसलाही आवाज काढो, वेडावाकडा का असेना, त्याला जवाब द्या. कौतुक करा. आवाज काढला की काहीतरी मिळतं, हे तिला कळू द्या. अडवू मात्र नका." मी मास्तर माणूस, मान डोलावली. यात काय एवढं समजायचं, असंच वाटलं असणार.

माझी बायको नगरच्याच अकोले तालुक्यातली, डोंगरातल्या शेतकऱ्याची लेक. तिचा भाऊ पुढच्याच महिन्यात एस.टी.नं आला. खांद्याला पिशवी, आणि पिशवीतून एक काळं नाक बाहेर डोकावतंय. वाटेत पिशवी ओली झाली होती ती वेगळीच. त्यानं पिल्लू अंगणात सोडलं आणि म्हणाला, "दाजी, माणसांसंगं बोलंना ना पोरगी? मग जनावरासंगं बोलंल. आमच्याकडं लई पोरं अशीच बोलती झाली. ऱ्हाऊ द्या ह्याला."

मला ते पसंत नव्हतं. दुष्काळात माणसाला पाणी नाही आणि हे कुत्रं कुठं सांभाळायचं? पण पोरगी त्याच्यापुढं उकिडवी बसली, आणि पिल्लानं तिचं नाक चाटलं. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मी तोंडातला शब्द गिळला. पिल्लाला नाव ठेवलं नाही. पोरगी तोंडातून पहिला जो शब्द काढील तेच त्याचं नाव, असं बायकोनं ठरवून टाकलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळची गोष्ट. मी दाढी करत होतो. अंगणात पिल्लू कावळ्यावर भुंकलं. दोन महिन्यांचं पिल्लू, भुंकणं ते काय, उचकी लागल्यागत. आणि लगेच मागून दुसरा आवाज आला. बारीक, खरखरीत. "भू."

मी वळलो. पोरगी पिल्लाशेजारी चार पायांवर उभी होती. पिल्लू तिच्याकडं बघून पुन्हा भुंकलं. ती पुन्हा म्हणाली, "भू. भू."

बायको भाकरी थापता थापता पिठाच्या हातांनी बाहेर आली. "अहो, बोलली! बोलली का न्हाई सांगा!"

"भुंकली," मी म्हणालो. गालाला साबण तसाच, आणि डोळ्यांत पाणी.

"मग भुंकू द्या की! लई झ्याक भुंकली माझी बाय!" असं म्हणून तिनं पोरीला उचललं आणि पिठाच्या हातांनी तिचं तोंड कुरवाळून पांढरं करून टाकलं. आम्ही त्या दिवशी सणासारखा गूळ घालून शिरा केला. आठ दिवस पोरगी आणि पिल्लू अंगणात एकमेकांशी भुंकत होते. तिचा आवाज रोज मोकळा होत होता. एकदा तर "भूऽऽ" म्हणून लांब सूर काढला आणि स्वतःच दचकून हसली. हसण्यालाही आवाज होता. मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

नवव्या दिवशी घरमालकांनी मला बोलावलं. निवृत्त तलाठी, एकटे, रक्तदाबाचे दुखणेकरी. दुपारी जेवून दोन तास झोपले नाहीत तर त्यांना भोवळ यायची. वाईट माणूस नव्हता, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुम्ही सगळं पाप त्यांच्या माथी माराल. ते म्हणाले, "गुरुजी, पोरीचं मी समजू शकतो. पण कुत्र्याचं भुंकणं मला सोसत नाही. एक तर ते गप्प राहिलं पाहिजे, नाहीतर तुम्ही दुसरी जागा बघा."

दुसरी जागा कुठली बघता? त्यांच्या परसातल्या विहिरीला पाणी होतं. हात-दोन हातच, पण होतं. सगळी गल्ली टँकरची वाट बघत बसायची आणि आम्ही घरच्या घरी पोहरा सोडायचो. कुत्रं परत पाठवावं तर पोरीचा आवाज जाईल. जागा सोडावी तर पाणी जाईल. बायको म्हणाली, "मी टँकरवर रांग लावीन. पर पिल्लाला गप करू नका." मला हसू आलं. मी म्हणालो, "अगं, साठ पोरं गप्प करतो मी. एक कुत्रं काय घेऊन बसलीस? कुत्रं गप्प राहील, पोरगी भुंकेल, मालक झोपतील. बघच तू." अती शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो शहाणा हाच.

पहिले दोन दिवस फजितीच झाली. पिल्लू भुंकलं की मी "ए गप!" म्हणून ओरडायचो. त्याला वाटायचं, वा, आपला धनीही भुंकायला लागला. ते दुप्पट जोरानं भुंकायचं. बायको घाबरून त्याच्यापुढं भाकरीचा तुकडा टाकायची. ते गप्प बसून खायचं, आणि संपला तुकडा की पुन्हा सुरू. दोन दिवसांत त्याला पक्कं कळलं की भुंकलं की भाकरी मिळते. मी कपाळावर हात मारून घेतला. मग बसून विचार केला, आणि माझी मास्तरकीची अक्कल चालली.

भुंकलं की काही द्यायचं नाही. ओरडायचं नाही, बघायचंसुद्धा नाही. पाठ फिरवून खांबासारखं उभं राहायचं. दम खायला ते क्षणभर थांबतंच. नेमक्या त्या क्षणी वळायचं, आपल्या ओठांवर बोट ठेवून हळूच म्हणायचं, "तोंडावर बोट," आणि गुळाचा खडा द्यायचा. आधी डोळा लवेपर्यंतची शांतता. मग पाच अंक मोजेपर्यंत. मग वीस. डबा मी पायरीवरच आणून ठेवला. पोस्टमनला गाठून सांगितलं, रोज दारावरून जाताना सायकलची घंटी वाजवा. घंटीला ते हमखास उसळायचं. पंधरा दिवसांत घंटी वाजली की ते भुंकायच्या ऐवजी माझ्याकडं धावत यायचं आणि पायांशी बसून बोटाकडं बघायचं. मग मला चेव आला. बस म्हटलं की बसणं, हात दे म्हटलं की पंजा देणं, लोळणं, चप्पल आणणं, सगळं शिकवलं. अट एकच. कुईं कुईं जरी केलं, तरी गूळ परत डब्यात. एवढंसं जनावर, आनंदानं थरथरायचं, पण तोंडातून ब्र काढायचं नाही. शाब्बास रे पठ्ठ्या!

आणि हे सगळं चाललेलं असताना पोरगी कुठं होती? माझ्या मांडीला मांडी लावून बसलेली.

आता जे सांगतो ते सांगायला मला जड जातं. पिल्लू गप्प बसलं की ती त्याला "भू" करायची. त्याला खेळायला बोलवायची हो ती! आणि पिल्लू लगेच जवाब द्यायचं. झालं, माझी सगळी मेहनत पाण्यात. मग मी तिच्याकडं वळून "शूऽऽ" करायचो. तिच्याही पुढं बोट धरायचो. मनात म्हणायचो, पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, कुत्रं एकदा पक्कं झालं की मग भुंक बाई हवं तेवढं. डॉक्टरांचं बोलणं मी विसरलो होतो असं नाही. मला ते आठवत होतं. मी ते पंधरा दिवसांपुरतं बाजूला ठेवलं होतं.

एके दिवशी संध्याकाळी मी पिल्लाला "तोंडावर बोट" म्हटलं, तर शेजारी पोरीनंही हाताची घडी घातली आणि इवलंसं बोट ओठांवर ठेवलं. माझ्या पोरीला सांगितलेलं कळलं! सांगितलं तसं तिनं केलं! मला इतका आनंद झाला की मी तिला कडेवर घेऊन नाचलो. "किती गं शहाणी माझी बाय!" आणि डब्यातून चांगला मोठा खडा काढून तिच्या तोंडात घातला. दुसऱ्या दिवशीही घातला. रोजच घालू लागलो.

बायको एकदा म्हणाली, "अहो, चार दिस झालं, पोरीचा आवाज न्हाई घरात."

"दाढ येत असेल," मी म्हणालो.

"दाढंनं हसणं बी बंद व्हतं का?"

मला त्या वेळी पिल्लाला टोपी आणायला शिकवायचं होतं.

रविवारी हेडमास्तर आणि दोन शिक्षक चहाला आले. कुत्र्याची कीर्ती शाळेपर्यंत गेली होती. मी अंगणात घोंगडी टाकली. पिल्लानं हात दिला, लोळलं, हेडमास्तरांची टोपी खुंटीवरून पडलेली तोंडात धरून आणून दिली. घरमालकही ओसरीवरून बघत होते, कौतुकानं मान हलवत होते. शेवटी मी उभा राहिलो आणि वर्गात म्हणायचो तशा आवाजात म्हणालो, "हाताची घडी, तोंडावर बोट!" पिल्लू पुढचे पाय जुळवून ताठ बसलं. त्याच्या शेजारी, अगदी त्याच्या रांगेत, पोरगी बसली. हाताची घडी. ओठांवर बोट. दोघांचेही डोळे डब्यावर.

"वा गुरुजी!" हेडमास्तर खो खो हसले. "एका खर्चात दोन विद्यार्थी!"

सगळे हसले. मीही हसलो. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. ती हसली नाही. तिनं ट्रे खाली ठेवला, पोरीजवळ गेली आणि तिचं ओठांवरचं बोट धरून बाजूला करायला लागली. पोरगी करू देईना. बोट घट्ट दाबून धरलं होतं तिनं. गूळ अजून मिळाला नव्हता ना.

बायकोनं पाहुण्यांसमोर मला विचारलं, "कुत्र्याला गप बसवायचं व्हतं. माझ्या लेकराला कशाला त्याच्या पंगतीला बसवलंत?"

कुणी चहा प्यायलं नाही. एकेक करून चप्पल घालून निघून गेले.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, शेवटी मला ते सांगवणार नाही. आमची पोरगी बोलली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, कधीच नाही. मोठी झाली, भाकरी माझ्या बायकोपेक्षा गोल थापते, हिशेब तोंडी करते म्हणावं तर तोंड तेवढं नाही. पिल्लू मेहुणा परत घेऊन गेला. त्याचं पत्र आलं की जनावर गुणी आहे, पण रानात कोल्हं आलं तरी तोंड उघडत नाही, राखणीला काही उपयोगाचं नाही. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पुढं तपासून सांगितलं, अशी मुलं बहुतेक बोलत नाहीतच, तुम्ही स्वतःला दोष लावून घेऊ नका. फार सज्जन माणूस. पण त्यांनी तो "भू" ऐकला नव्हता. बायकोनं त्या रविवारनंतर मला या बाबतीत एका शब्दानं टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

आता त्या रविवारनंतरचा मंगळवार. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

दुपारी ती रेशनच्या दुकानात रांगेला गेली होती. मी शाळेतून लवकर आलो, अंगणाच्या दाराची कडी लावली, टोपी काढून ठेवली आणि पोरीपुढं गुडघ्यांवर बसलो. "भू!" म्हणालो. पिल्लू लगेच येऊन पायांशी बसलं, चिडीचूप. पोरगी नुसती बघत राहिली. मी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि मोठ्यानं भुंकलो. "भू! भू! भुंक ना गं बाई! तू भुंकत होतीस! भू!" ओसरीची खिडकी उघडली, मालक म्हणाले, "गुरुजी, काय झालं? बरं नाही का?" मी त्यांच्याकडं तोंड करून भुंकलो. त्यांनी खिडकी लावून घेतली. मी भुंकतच होतो. घसा सोलून निघाला, तोंडात धूळ गेली. "आता गूळ भुंकल्यावर मिळेल, बाळा! बघ, अख्खी ढेप देतो! भू!" कुत्रं हलेना, पोरगी हलेना.

मग ती उठली. माझ्याजवळ आली. वर्गात एखादं पोर दंगा करत असलं की मी त्याच्याकडं बघायचो, अगदी तसं तिनं माझ्याकडं बघितलं, रागानं नाही, जरा समजुतीनं. आणि तिचं बोट माझ्या ओठांवर ठेवलं.

माझा आवाजच बंद झाला. भुंकवेना आणि रडवेना. ती थांबली. मी कसा अंक मोजत थांबायचो, तशी थांबली. मी खरंच गप्प झालोय अशी तिची खात्री पटली, तेव्हा ती पायरीकडं गेली, डब्याचं झाकण काढलं, खडा घेतला आणि माझ्या तोंडात घातला. डोक्यावरून हात फिरवला. "शाब्बास" म्हणताना माझे ओठ जसे हलायचे तसे तिचे ओठ हलले, आवाज न करता.

मी तो गूळ खाल्ला.